दातांच्या डॉक्टरांनी बसवलेला पंप

"मला एक पेट्रोल पंप हवाय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"चौकातून डावीकडे," सुट्या भागांचा दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"तो नव्हे हो! गाडीतला. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देतो तो."

"मग एसी पंप म्हणा ना."

"पण गाडीत एसी नाहीये."

आता मात्र दुकानदाराने मान वर केली. "साहेब, एसी हे त्या पंपाचंच नाव आहे. बसवणार कोण?"

"मीच."

"मग एक गास्केट जास्तीचं देतो," दुकानदार हळुवारपणे म्हणाला.

गाडी सासऱ्यांची होती. सासरे रस्ते बांधणारे इंजिनियर; निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी ती मातकट पिवळी गाडी स्वतःच चालवत. तीन आठवड्यांपूर्वी ती फाटकातच बंद पडली आणि तिचा नेहमीचा मेकॅनिक नेमका धंदा बंद करून मुलीकडे राहायला गेला होता. इकडे सोमवारी सासूबाईंना बहिणीकडे जायचं होतं, तेही स्वतःच्या गाडीतून. तसं त्यांनी सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं. डॉक्टरांना या घरचे जावई होऊन अकरा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांना करून दिलेली एक कवळी सोडली तर त्यांच्या नावावर काही जमा नव्हतं. ही संधी त्यांनी सोडली नाही.

"अरे, तू साधा नळ बदलायला गेलास तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत पाणी गेलं होतं," बायकोने आठवण करून दिली.

"नळ वेगळा, पंप वेगळा," असं म्हणून डॉक्टर रविवारी सकाळी आपली उपकरणांची पेटी घेऊन अंगणात उतरले.

सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले. "जावईबापू, कशाला त्रास घेता? राहू द्या. एवढा एक दिवस सुट्टीचा मिळतो तुम्हाला."

"त्रास कसला, बाबा? दोन तर नट आहेत."

दोन नटांपैकी एक समोर होता. दुसरा पंपाच्या मागे, अक्कलदाढेसारखा आडवा लपला होता. डॉक्टरांनी तोंडात घालायचा छोटा आरसा काढला, त्यात बघत बघत तो नट फिरवला आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." सासऱ्यांनी चमकून गाडीकडे पाहिलं.

मग त्यांनी टाकीकडून येणारी नळी उपसली. पेट्रोल बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. त्यांनी घाईघाईने नळीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला. बोळा पेट्रोल पिऊन टम्म फुगला आणि गळून पडला. शेवटी शब्दकोड्याची पेन्सिल बायकोकडून मागून घेतली, तेव्हा कुठे धार थांबली.

नवा पंप बसेना. त्याची दांडी आत जायची, पण आतल्या उंचवट्यावर अडून पंप बोटभर बाहेरच राहायचा. म्हणजे इंजिन थोडं फिरवायला हवं. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ढकलायला हवी.

"बाबा, तुम्ही आत बसून ब्रेक सांभाळा, मी ढकलतो."

"छे छे! तुम्ही बसा. मी ढकलतो."

"अहो, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर!"

"म्हणूनच. व्यायाम हवा मला."

सासऱ्यांनी वाकून जोर लावला. गाडी वीतभर सरकली आणि त्यांच्या खिशातून तेरा नंबरचा पाना खणकन खाली पडला. डॉक्टर अर्धा तास तोच शोधत होते.

"अरेच्चा, हा इथे होता होय," सासरे म्हणाले.

वयाचं विसरणं, असं मनाशी म्हणत डॉक्टरांनी तो उचलला. पंप बसला. नट आवळले, नळ्या जोडल्या, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खोकत राहिलं. सासऱ्यांचा चेहरा असा खुलला, की डॉक्टरांना त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं.

"गेलं वाटतं. चला, जेवून घेऊ," सासरे लगबगीने उठले.

पण डॉक्टरांनी पुन्हा आरसा आत घातला. पंपावर बाण कोरलेले होते. आत येणारी नळी बाहेर जाणाऱ्या तोंडाला लावली होती! त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली, किल्ली फिरवली, आणि सातव्या प्रयत्नाला गाडी अशी गरजली की झाडावरचे पक्षी उडाले.

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांनी एखादी वस्तू दुरुस्त केली होती. ते खाली उतरले, दार उघडं धरलं. "या बाबा! बसा."

सासरे बसले नाहीत. त्यांनी आत हात घालून इंजिन बंद केलं.

"गेल्या महिन्यात चौकात एक बाई बाबागाडी घेऊन चालली होती," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मला दिसलीच नाही ती. ब्रेक लागला तेव्हा मध्ये हातभर अंतर होतं. वर तीच मला सॉरी म्हणाली, जावईबापू. चूक माझी, आणि सॉरी ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. वाटलं, सुटलो. आपणहून गाडी नको म्हणायला काही तोंड उघडेना."

डॉक्टरांनी काळ्या झालेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. मग बॉनेट हळूच खाली केलं आणि दोघे आत गेले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"नाही जमलं," डॉक्टर म्हणाले.

"मी सकाळपासून सांगतोय," सासरे एकदम तरतरीत आवाजात म्हणाले, "हे काम दातांच्या डॉक्टरांचं नव्हे! पण ऐकतील तर शपथ."

बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. सासूबाई मात्र पटकन म्हणाल्या, "असू दे, असू दे. आपण बसने जाऊ," आणि साबण घेऊन जावयामागोमाग बेसिनपाशी आल्या.

"वर्षभर मी त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसतेय, पण त्यांचं मन मोडवत नव्हतं," त्या कुजबुजल्या. "फार बरं केलंत. पण इंजिनाचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू गेलाय. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, जावयाला काही जमत नाही."

"ते त्यांना माहीतच आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी घरातला सगळ्यात चांगला टॉवेल पुढे केला.