संबंधितांना कळवायचं का?

कसबा बावड्याचा अमरसिंह गेली दोन वर्षं कादंबरी लिहीत होता. लिहीत होता म्हणजे, लिहिण्याची सोय करत होता. एका घराण्याच्या चार पिढ्या, पात्रं बेचाळीस. आराखड्यात चौथ्या प्रकरणात मेलेला सासरा नवव्यात पंगतीला बसून जिलबी मागू लागला, तेव्हा या गड्याला साक्षात्कार झाला, की आपल्यात काही कमी नाही. कमी आहे ती चांगल्या सॉफ्टवेअरची.

पहिल्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक पात्राच्या डोळ्यांचा रंग विचारला. त्यात श्रावण गेला. दुसऱ्यानं पात्रं लहानपणी कशाला घाबरायची ते विचारलं. त्यात दिवाळी गेली. तिसऱ्यात कथानकाच्या प्रत्येक धाग्याला वेगळा रंग होता. सुनेला जांभळा द्यावा की मोरपंखी, यासाठी त्यानं ऑफिसातून चार दिवस रजा काढली. आणि लिहिलं किती? एक ओळ नाही! अर्पणपत्रिका तेवढी तयार होती.

प्रकाशक दत्तप्रसाद भला माणूस, पण शेवटी तोही वैतागला. "मंगळवारी सकाळी दहाला घरी येतो. पहिली तीन प्रकरणं हातात द्या, न्हायतर तुमचा आमचा रामराम. दुसरं पुस्तक घेतो."

एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस पेन उचलतो. अमरसिंहानं चौथं सॉफ्टवेअर घेतलं. हे बांधकामाच्या ठेकेदारांचं. कुठल्या दिवशी कुणी काय करायचं, ते त्यात मांडता येतं.

"ह्याच्यावर आख्खी अपार्टमेंटं उभी राहतात," तो बायकोला म्हणाला, "कादंबरी उभी राहणार न्हाय व्हय?"

"अपार्टमेंटला आधी वीट लागते," सरोजिनी म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

नावं सुचेनात म्हणून अमरसिंहानं फोनमधली पाहुण्यांचीच नावं पात्रांना चिकटवली. सासऱ्याच्या जागी खरा सासरा, गडहिंग्लजचा केरबा. प्रत्येक प्रसंगाला तारीख हवी होती. डोक्यात एकच तारीख घुमत होती, प्रकाशकाच्या मंगळवारची, तीच सगळीकडं ठोकून दिली. शेवटी सॉफ्टवेअरनं नम्रपणे विचारलं, 'संबंधितांना कळवायचं का?' लेखक भारावला. आपल्या पात्रांपासून काय लपवायचं, म्हणून त्यानं 'होय' दाबलं आणि एकाग्रतेसाठी फोन बंद केला.

मंगळवारी उजाडताच सगळ्या गोतावळ्याच्या फोनवर निरोपांची रांग लागली. सगळ्यात वर: 'केरबा यांचा मृत्यू. मंगळवार, सकाळी दहा. जबाबदारी: अमरसिंह.'

मयताच्या घरी फोन करून खात्री करून घ्यायची आपल्यात पद्धत नाही. माणसं सरळ निघतात. जबाबदारी जावयाची, म्हणजे मयतही त्याच्याकडंच, असं धरून सगळे बावड्याला आले. साडेनऊला दारात गलका झाला. पुढं केरबाची बहीण चिमणाबाई, गडमुडशिंगीहून आलेली. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी घेऊनच आली होती. "माझ्या दादा रं! सांगून तरी जायचंस रं!"

सरोजिनी कणकेच्या हातांनी बाहेर आली. बाप गेला म्हणताच तिनं मटकन खाली बसून हंबरडा फोडला. अमरसिंहाला काही कळेना. सासरा गेल्याचं त्यालाही आत्ताच समजत होतं, म्हणून तोही रडला.

"कोण गेलं गं?" मागून आवाज आला.

"तूच की!" चिमणाबाई डोळे पुसत म्हणाली, मग वळून बघितलं आणि किंचाळली.

दारात केरबा उभा होता, धडधाकट, फेटा तिरपा. "माझ्याच मातीला गडहिंग्लजास्नं एस्टीत उभा ऱ्हाऊन आलोय! काय पावणं, माझ्या मरणाची जबाबदारी तुमच्याकडं हाय म्हणं?"

"मामा, ते कादंबरीतलं..."

"कादंबरीत कशानं मारलासा मला?"

"कारण अजून ठरायचंय."

"बघा! येळ ठरलीया, कारण न्हाय!"

दहाच्या ठोक्याला प्रकाशक हार घेऊन हजर. गावभर झालेला निरोप त्यालाही पोचला होता. मयत भिंतीला टेकून पिठलं-भाकरी खात होतं. प्रकाशकानं हार स्वतःच्याच मांडीवर ठेवला आणि विचारलं, "बरं, प्रकरणं?"

अमरसिंहानं लॅपटॉप फिरवला. बेचाळीस रंगांच्या बेचाळीस रेघा.

"वाचायचं काय ह्यात?"

"वाचायचं असं न्हाय... बघायचंय."

चिमणाबाईनं वाकून बघितलं. "आवो, आमच्या घरात साठ माणसं नांदली. मला कुणी रंग दिला न्हवता. कोण कुणाचं ते इचारा, अजून सांगतो की! आमच्या आज्जाचं लगीन दोन गावांत एकाच दिवशी ठरलंतं. आन् दोन्हीकडं मांडव घातलंतं..."

आणि बाई सुरू झाली. दुसऱ्या मांडवातून पळालेली नवरी, तिच्या मागं गेलेला धाकटा दीर, त्याच्या पोरीनं तीस वर्षांनी काढलेला सूड. एक नाव चुकलं नाही, एक मेलेला माणूस पुन्हा जेवायला बसला नाही. रडायला आलेली माणसं हसत होती, मधेच खरंच रडत होती. साडेअकरा वाजले तरी प्रकाशकाच्या मांडीवरचा हार तसाच होता.

"हेच छापतो," तो म्हणाला. "मावशी सांगतील. अमरसिंहराव, तुम्ही फक्त लिहून घ्यायचं. पुस्तकावर नाव मावशींचं."

दोन वर्षं, चार सॉफ्टवेअरं आणि ती अर्पणपत्रिका! तरी सवयीनं अमरसिंहाचा हात लॅपटॉपकडं गेला. "थांबा आत्ती, आधी पात्रांची नोंद करतो..."

"वही घ्या मुकाट्यानं." सरोजिनीनं किराण्याची वही त्याच्यापुढं आपटली.

चिमणाबाईनं भावाकडं बघितलं. केरबानं मान हलवली.

"लिवा, पावणं," ती म्हणाली. "पयल्याच पानावर जावई मेला."

"जावई? कशानं?"

"ते अजून ठरायचंय," केरबा म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.