कपाट आणि शक्ती

खिडकीपुढचं कपाट पलीकडच्या भिंतीला लावायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. हृदयाच्या दुखण्यातून उठल्यापासून बायको त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नव्हती. ऑफिसात जाडजूड फायली उचलणारा हा कारकून घरात शोभेची वस्तू होऊन बसला होता. (तीही रोज पुसली जाणारी.) बायको कामावरून येईपर्यंत तिच्या शिलाई मशीनला उजेडाची जागा करून ठेवली, की तिला पटेल, माणूस अजून कामाचा आहे.

त्यांनी जोर लावला. तोंड लालबुंद झालं, कपाट ढिम्म.

दारात नववीतली मुलगी उभी होती. "बाबा, कपाट हललं नाही. म्हणजे विज्ञानाच्या हिशेबात तुमचं कार्य शून्य."

"आणि हा घाम?"

"तुमची ऊर्जा खर्च झाली. कपाटाला नाही मिळाली."

"तू कोणाच्या बाजूची आहेस गं?"

"पुस्तकाच्या. पण हळूहळू सरकवलंत तरी कार्य तेवढंच भरतं. वेळ जास्त घेतला, की शक्ती कमी लागते."

हे त्यांना पटलं. तिला अभ्यासाला पिटाळून त्यांनी खोलीचं दार लोटलं, कपाट रिकामं केलं, कपड्यांचा ढीग समोरच घातला आणि कपाट बोट-बोट सरकवायला घेतलं. नेमकं दारापुढे आल्यावर ढिगातले कपडे त्याच्या पायांखाली अडकले. पुढे जाईना, मागे येईना. दार तर आत उघडणारं.

संध्याकाळी बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, दार का उघडत नाही?"

"कपाट आहे."

"आणि तुम्ही?"

"मीही आहे."

मग तिनं दाराला खांदा लावला. कपाट वीतभर सरकलं.

"एवढं सरकवायला बाबांना तास लागत होता," मुलगी म्हणाली. "कार्य सारखंच. शक्ती आईची जास्त."

"त्याला पुस्तक कशाला लागतंय," ते आतून म्हणाले.

बायको अंग चोरून आत आली. ओरडली नाही. त्यांना पलंगावर बसवून तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"दुखतंय?"

"नाही."

"दम?"

"लागला होता. गेला."

बराच वेळ तिनं हात काढला नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "उद्यापासून बाजारातून भाजी तुम्ही आणा."

ते ताठ बसले. (छातीही जरा पुढे आली.) "कोणती आणू?"

"कोथिंबीर."