शेवटचं कोण?

"एजंट? आणि मला? छे!" अर्शाविरने हातातला बूट टेबलावर आपटला. "दोन वर्षं अभ्यास केलाय मी! कचेरीत एकटा जाणार, एकटा बोलणार आणि शिक्का घेऊन येणार. अधिकारी उठून उभे राहतील, बघाच तुम्ही!"

समोर शेजारच्या एंकार्नाबाई सँडलचा तुटका पट्टा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "हं" केलं. बाईंचं "हं" ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको.

अभ्यास मात्र खरा होता, त्यात खोट काढायची सोय नाही. अर्शाविर मूळचा आर्मेनियातल्या ग्युम्रीचा. तीन वर्षांपूर्वी तो वालेन्सियाजवळच्या या गावात आला, चपला-बूट दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि महिन्याभरात त्याने ताडलं, की या देशात माणूस एक वेळ दातांशिवाय जगेल, पण कागदाशिवाय नाही! म्हणून पठ्ठ्या स्पॅनिश शिकला तोही थेट कागदांतूनच. पाण्याचं पत्र, कचऱ्याचं पत्र, दुकानाच्या पाटीचं पत्र, जे येईल ते भिंतीवर चिकटवायचं आणि टाचा ठोकता ठोकता पाठ करायचं. एंकार्नाबाईंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या चाळीस वर्षांच्या फायली त्याला देऊन टाकल्या. त्या त्याने कादंबरीसारख्या वाचून काढल्या, आणि एक खंड गहाळ आहे अशी वर तक्रारही केली!

परिणाम व्हायचा तोच झाला. सकाळी बेकरीत शिरला की हा म्हणायचा, "उपरोक्त पावांपैकी एक पाव अर्जदारास देण्यात यावा, ही नम्र विनंती!"

"मंजूर!" बेकरीवाली ओरडायची.

न्हाव्याकडे बसला की, "सदर केस दोन्ही बाजूंनी कमी करण्यात यावेत. मिशीबाबत मात्र कोणतीही कार्यवाही करू नये!"

गाव पोट धरून हसायचं. पण खरं सांगू? गावाला त्याचा अभिमानही होता. जी पत्रं वाचून शाळामास्तरांना घाम फुटायचा, ती हा चप्पल शिवता शिवता उलगडून सांगायचा.

आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी? सातेनिकसाठी! त्याची बायको तिकडे ग्युम्रीत, हा इकडे. तिला आणायचं तर राहतं घर दोघांना पुरेसं आहे असा नगरपालिकेचा दाखला हवा. त्याचा अर्ज दहा दिवसांत द्या, असं पत्र आलं होतं. दहा दिवस चुकले की फाईल बंद, पुन्हा श्रीगणेशा, पुन्हा वर्षभर वाट!

मग याने काय करावं? नऊ दिवस आरशासमोर भाषणाची तालीम केली!

"दिलास का अर्ज?" सातेनिकने फोनवर विचारलं.

"भाषणाचा शेवट अजून जमत नाहीये गं."

"अरे, तिथे मी यायचंय की भाषण यायचंय?"

दहाव्या दिवशी सकाळी लग्नातला सूट घालून अर्शाविर निघाला. जिन्यात एंकार्नाबाई भेटल्या. "लेका, कागदांशी बोलायला शिकलास, आता माणसांशीही शिक. कचेरीत आधी माणसं भेटतात."

"आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे," तो म्हणाला आणि ऐटीत उतरला.

कचेरीतलं नंबराचं यंत्र नाताळापासून बंद होतं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण या मुलखातली रांग डोळ्यांना दिसतच नाही. ती माणसांच्या डोक्यात असते. आत शिरायचं, सगळ्यांना नमस्कार करायचा आणि मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी म्हणतं, "मी!" तो चेहरा ध्यानात ठेवायचा, की झाला तुमचा नंबर. मग खुशाल बसा, गप्पा मारा, कॉफी पिऊन या.

तीन वर्षांत त्याला हे कळलं नव्हतं? कुठून कळणार! बेकरीत तो दार उघडायच्या आधी हजर, कागद आजवर एजंट न्यायचा, आणि हे वाक्य भिंतीवरच्या एकाही पत्रात नव्हतं!

तेव्हा अर्शाविरसाहेब आत शिरले आणि खांबाशी ताठ उभे राहिले. मागोमाग एक बाई आल्या. त्यांनी थेट त्यालाच विचारलं, "शेवटचे तुम्ही का?"

अर्शाविरला ते भलतंच लागलं. सूट घालून आलेल्या माणसाला शेवटचा म्हणतात! "सदर इसम शेवटचा नाही!" त्याने ठणकावलं.

"बरं बाबा," म्हणत बाईंनी दुसऱ्या कुणाला तरी गाठलं. पुढे येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता आणि कुणी ना कुणी बिनदिक्कत "मी! मी!" म्हणत होतं. अर्शाविरला त्यांची कीव येत होती. काय ही माणसं, जराही स्वाभिमान नाही!

आता जो माणूस सुटात आहे, हातात फाईल आहे, रांगेत नाही आणि असलं बोलतो, तो कोण असणार? वकील!

उर्बानो नावाचे एक म्हातारे संत्रीवाले चुळबुळत उठले. "वकीलसाहेब, तेवढं हे बघता का? सहा आठवडे झाले, हात लावायचा धीर होईना. माझी विहीर बुजवणार म्हणतायत."

अर्शाविरने पत्र वाचलं. एकदाच! "बुजवणार कसली? आजोबा, विहीर खोल करायला परवानगी मिळालीय तुम्हाला! ही बघा, तळाच्या ओळीत."

म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही गाल चुंबले. झालं! पुढची बाई मुलाच्या शाळेचं पत्र घेऊन रडतच आली. प्रवेश नाकारला म्हणत होती. तिला अर्शाविरने सांगितलं, फक्त फोटो राहिलाय. मग तिसरा, मग चौथा! खांबाभोवती ही गर्दी! अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या रेमेदिओसबाई टोमॅटो चोळलेला पाव खाऊन परत आल्या, तर त्यांच्याकडे कुणी बघेना. अर्शाविर रंगात आला होता. असा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो त्याने कमावलाच होता!

घड्याळात दोनला दहा कमी असताना गर्दी ओसरली, तेव्हा कुठे स्वारीला आठवलं की आपलंही काम आहे.

"महोदया," त्याने खिडकीशी सुरुवात केली, "अर्जदार सकाळी नऊपासून..."

"तुम्ही कुणाच्या मागे होता?" रेमेदिओसबाईंनी मानही वर केली नाही.

"कुणाच्याही नाही!" अर्शाविर अभिमानाने म्हणाला.

सगळी खोली कळवळली. "अरे देवा!" उर्बानो आजोबांनी कपाळावर हात मारला.

"मग तुम्ही रांगेत नव्हतातच," बाई म्हणाल्या. "अजून पाच जण आहेत. दोनला खिडकी बंद. उद्या या."

उद्या! म्हणजे अकरावा दिवस, फाईल बंद! त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की भाषण गेलं! नऊ दिवसांची तालीम पार पुसली गेली. 'उपरोक्त' नाही, 'सदर' नाही. उरले होते ते येता-जाता कानावर पडलेले चार साधे शब्द.

"बायको," तो म्हणाला. "तीन वर्षं. दुकान बंद करतो, घरी जातो. घरात कोणी नाही. आज शेवटचा दिवस."

रेमेदिओसबाईंनी चष्मा काढला.

तेवढ्यात उर्बानो आजोबा काठी आपटत उठले. "हा माझ्या मागे होता!"

"तुमच्या कसा? माझ्या मागे होता!" शाळेच्या पत्रवाली बाई ओरडली.

"काहीतरीच काय! मी स्वतः त्याला म्हणालो, मी शेवटचा!" तिसरा एक जण मध्ये पडला.

"माझ्याही मागे!" राहिलेले पाचही जण एकदम म्हणाले.

रेमेदिओसबाई तीस वर्षं त्या खिडकीत होत्या. त्यांनी एकेकाकडे नीट बघितलं. "एक माणूस आठ जणांच्या मागे?"

"सूट घातलाय ना त्याने!" आजोबा म्हणाले.

काय पुरावा हा! पण शिक्का पडला. दोनला एक मिनिट असताना! दाखला घ्यायला तो पुन्हा गेला, तेव्हा बाईंनी आपले बूटही टाच बसवायला दिले.

वसंतात सातेनिक आली. तिचं नाव नोंदवायला दोघं कचेरीत निघाली, तेव्हा अर्शाविर वाटभर तिला शिकवत होता. "घाबरायचं नाही. बोलणार मी. तू फक्त मान डोलवायची. अवघड भाषा असते तिथली!"

दार उघडून सातेनिक आधी आत शिरली. एंकार्नाबाईंच्या स्वयंपाकघरात तिचे जेमतेम चार दिवस झाले होते.

"नमस्कार मंडळी!" ती खणखणीत म्हणाली. "शेवटचं कोण?"

"मी!" कोपऱ्यातून उत्तर आलं. सातेनिकने तो चेहरा ध्यानात ठेवला, खुर्ची ओढली, पर्समधून सुकवलेले जर्दाळू काढले आणि शेजारणीला देऊन गप्पांना बसलीसुद्धा.

अर्शाविर दारातच उभा. मागून आलेल्या एका गृहस्थांनी त्याला विचारलं, "शेवटचे तुम्ही का?"

त्याने घसा साफ केला, टाय सारखा केला.

"हो," तो म्हणाला. "मी हिच्या मागे."