खडे मान्य, त्रास अमान्य

नोरीन ट्रेझाइस हिच्या पित्ताशयात खडे आहेत, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते स्वच्छ दिसले होते. आमच्या दवाखान्यात दर थोड्या महिन्यांनी नवा डॉक्टर येतो. त्या वेळी जो होता त्याने ते तिला दाखवलेही होते, रस्त्याच्या कामाला टाकतात त्या खडीसारखे. खडे होते, पित्ताशय होतं, ते काढून देणारं सरकारी इस्पितळही होतं, गाडीने दोन तासांवर. अडचण एवढीच होती की नोरीनला या खड्यांचा त्रास होतो, हे काही केल्या सिद्ध होत नव्हतं.

यात थोडा दोष गावाचाही आहे. आमचं कुराबिन गव्हाच्या पट्ट्यातलं. इथे पाऊस कमी पडतो आणि तक्रारी त्याहून कमी. कोणी "कसं काय?" म्हटलं की "बरंय, तक्रार नाही" एवढंच उत्तर द्यायची पद्धत आहे. मागे आमच्या एका शेजाऱ्याचं गवताचं कोठार पेटलं होतं. बंब घेऊन आलेल्यांनी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, बरंय, आज जरा उकडतंय.

नोरीनला पहिली कळ आली ती महिला मंडळाच्या चहापानात, सायीचा केक खाल्ल्यानंतर. आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर ही फरशीवर आडवी. काय झालं विचारल्यावर म्हणाली, चमचा पडलाय, शोधतेय. मग शिष्टाचार म्हणून आम्हीही थोडा वेळ चमचा शोधला.

दुसरी कळ आली तेव्हा ती शाळेची बस चालवत होती. लांबच्या शेतांवरची मुलं गोळा करून शाळेत आणायचं काम तिचं, गेली कित्येक वर्षं. धान्याच्या कोठीजवळच्या वळणावर तिने बस बाजूला घेतली आणि मुलांना सांगितलं की झाडावर घोरपड आहे, कोण आधी बघतं बघू. मुलं खिडक्यांना नाकं लावून बसली. घोरपड नव्हतीच. नोरीन स्टिअरिंगवर कपाळ टेकून कळ ओसरायची वाट बघत होती. त्या संध्याकाळी तिने बसच्या किल्ल्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवल्या. पोटातले खडे जाईपर्यंत बस नको, म्हणाली. गावात दुसरा चालक नव्हता. बस शाळेच्या मागे उभी राहिली आणि आयाबाप कामधाम सोडून धुळीतून मुलं ने-आण करू लागले.

तोवर पित्ताशय काढावं की ठेवावं यावर गावाने बराच विचार केला होता. कोणी सफरचंदाचा रस आणि ऑलिव्हचं तेल सुचवलं. कोणाच्या मावसबहिणीने त्याच उपायाने पाडलेले हिरवे खडे बरणीत घालून दिवाणखान्यात मांडले होते. देवाने दिलेला अवयव काढू नये, असंही एक मत पडलं. ते ज्यांनी मांडलं त्यांचे स्वतःचे टॉन्सिल, अपेंडिक्स आणि सगळे दात आधीच गेलेले होते. नोरीनने सगळं ऐकून घेतलं. तिच्यापुढचा प्रश्न सोपा होता, पित्ताशय की बस. तिने बस निवडली आणि शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घातलं.

या यादीचे तीन वर्ग होते: तातडीचे, निमतातडीचे आणि होईल तेव्हा. वर्ग ठरायचा त्रासाला मिळणाऱ्या गुणांवर, आणि नोरीन तिसऱ्या वर्गात होती. अधूनमधून प्रतीक्षायादी समन्वय कक्षातून शार्लीन नावाची बाई पुनर्मूल्यांकनासाठी फोन करायची. बाई गोड होती. पहिला प्रश्न ठरलेला.

"कशा आहात, नोरीन?"

"बरंय. तक्रार नाही."

शार्लीन ते टिपून घ्यायची: रुग्णाची तक्रार नाही. मग खाण्यापिण्याची चौकशी. नोरीनने तळलेलं, तुपातलं, सायीचं सगळं सोडलं होतं; ती कोरडा टोस्ट आणि उकडलेला भोपळा खाऊन दिवस काढत होती. नोंद झाली: आहार उत्तम, लक्षणे नियंत्रणात. मग कामाची. आजारामुळे कामात अडथळा येतो का? नोरीन म्हणाली, नाही, मी काम सोडलंय. नोंद झाली: कामात अडथळा नाही. एकदा तर फोन आला तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिच्या नवऱ्याने, क्लेमने, फोन तिच्या कानाला लावला. जरा आडवी झालेय, एवढंच ती म्हणाली. नोंद झाली: विश्रांती पुरेशी.

क्लेम माणूस चांगला, पण बोलण्याच्या बाबतीत तोही कोरडवाहू. त्याच दिवसांत त्यांच्या पाण्याच्या टाकीतून पाणी वाहून जायला लागलं. त्या वर्षी नळीने बाग शिंपायलाही बंदी होती. अशा वर्षी टाकी ओसंडणं म्हणजे आमच्याकडे माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न. कोणी विचारलं तर क्लेम म्हणायचा, व्हॉल्व्ह बिघडलाय.

पुढे इस्पितळाने 'खड्यांसह आनंदी जीवन' नावाचा अभ्यासवर्ग सुरू केला आणि नोरीनला बोलावलं. दुखायला लागलं की दीर्घ श्वास घ्यावा आणि समुद्राची कल्पना करावी, असं तिथे शिकवत. नोरीन वक्तशीर गेली. वर्गातल्या दुसऱ्या बाईला रडू आलं तेव्हा तिने तिला चहा करून दिला. वर्ग संपल्यावर तिला प्रथम क्रमांक मिळाला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्र आलं: आपण शस्त्रक्रियेविना उत्कृष्ट जगू शकता हे आपण स्वतः सिद्ध केले आहे, सबब आपले नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. आपल्या यशाबद्दल अभिनंदन.

नोरीनने पत्र वाचून त्याची घडी घातली. त्या दिवशी ती शाळेकडे गेली, बसच्या काचेवरची धूळ पुसली आणि परत आली. ते बघून मात्र आम्ही ठरवलं की आता काहीतरी करायला हवं.

फेरविचारासाठी अर्ज करता येत होता. सर्जनसमोर जाऊन त्रास सांगावा लागणार होता. तेव्हा नोरीनला तक्रार करायला शिकवायचं ठरलं. मंडळाच्या सभागृहात सराव ठेवला. पण शिकवणार कोण? एकीने कंबरदुखीने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला, पण माझ्याहून वाईट हाल असतात लोकांचे, म्हणून खाली बसली. मी उभी राहिले आणि माझ्या गुडघ्याच्या वतीने सर्वांची माफी मागितली.

शेवटी स्टामाटियाला बोलावलं. ती मासे-चिप्सचं दुकान चालवते, चाळीस वर्षं इथे असूनही मनाने ग्रीक. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अर्ज केल्याच्या पुढच्याच महिन्यात झाली होती.

"अगं नोरीन, त्यांनी विचारलं ना कशी आहेस, तर लगेच उत्तर देऊ नकोस," ती म्हणाली. "आधी खुर्ची माग. मग पाणी माग. मग आईच्या आजारपणापासून सुरू कर. तुझ्या पोटापर्यंत येईस्तोवर ते स्वतःच सुरी शोधायला लागतील."

नोरीनने मन लावून सराव केला. खुर्ची मागायला जमलं. पाणी मागताना मात्र ती दर वेळी, तुम्हाला पण आणू का, असं विचारायची.

ठरल्या दिवशी क्लेमने गाडी काढली. मागे नोरीन आणि स्टामाटिया. पुरावा ताजा असावा म्हणून स्टामाटियाने वाटेत तिला तळलेल्या माशाचा एक मोठा तुकडा खाऊ घातला. पुरावा वेळेवर आला. सर्जनच्या खोलीत शिरताना नोरीनचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तिने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"कशा आहात, नोरीन?" सर्जनने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"बरंय," नोरीन म्हणाली. "तक्रार नाही. तुम्ही कसे आहात?"

सर्जन टाइप करू लागला. स्टामाटियाने डोळे मिटून ग्रीकमध्ये देवाशी काहीतरी बोलून घेतलं. आणि मग क्लेमने डोक्यावरची टोपी काढली.

"व्हॉल्व्ह चांगला आहे," तो म्हणाला.

सर्जन थांबला. कोणता व्हॉल्व्ह, त्याने विचारलं. हृदयाचा?

"टाकीचा. तो कधी बिघडलाच नव्हता. हिला दुखायला लागलं की ही पंपघरात जाते, पंप सुरू करते आणि तिथे बसून ओरडते. पंपाच्या आवाजात मला ऐकू येत नाही, असं हिला वाटतं."

नोरीन कळ विसरून त्याच्याकडे बघत राहिली. "तुला माहीत होतं?"

"टाकी वाहत होती ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणायचीस, बरंय."

सर्जन तसा सज्जन होता. त्याने समजावून सांगितलं की नातेवाइकाच्या सांगण्याला गुण देण्याची सोय नाही, आणि रुग्णाने स्वतः तर तक्रार नाही असं सांगितलं आहे. तो थांबला, त्याने पडद्यावर बरंच वरखाली केलं. मग त्याने विचारलं, साधारण किती पाणी वाया गेलं असेल?

क्लेमने सांगितलं. सर्जनने शीळ घातली. टंचाईच्या काळात पाण्याचा अपव्यय ही समाजाची हानी ठरते, आणि समाजाच्या हानीसाठी वेगळे, भरघोस गुण होते. ते मिळवल्याबरोबर नोरीन एकदम तातडीच्या वर्गात जाऊन बसली. त्याच आठवड्यात तिचं पित्ताशय काढलं. बेंबीजवळ छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. इस्पितळाच्या कागदावर शस्त्रक्रियेचं कारण अजूनही असंच लिहिलेलं आहे: जलसंधारण.

आता बस सुरू आहे. नोरीन मुलांना कधीकधी खरी घोरपड दाखवते. शार्लीनचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, बरंय, तक्रार नाही. पहिल्यांदाच ते खरं होतं, पण नोंद आधीसारखीच झाली. पंपघराला क्लेमने कुलूप लावलं आहे आणि किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. नोरीन म्हणते, अतिच करतो हा.

गावाला मात्र एक सवय लागली. जाता-येता आम्ही एकमेकांच्या टाक्या बघतो. कोणाची वाहताना दिसली की एकजणी केक घेऊन जाते आणि व्हॉल्व्हबद्दल चौकशी करते.

तुमच्याकडे असली टाकी नसेल. कुठलंही विचित्र गाव आणि कुठलं विचित्र इस्पितळ, असं म्हणून तुम्ही हसलाही असाल. हसा. तुमचं कसं काय, एवढंच विचारायचं होतं. बरंय ना?

मग न्हाणीघरातला तो नळ बंद करा. मघापासून वाहतोय.