शब्दशः नोंद

रिमोट बाईंच्या हातात होता, यजमानांचा पाय उशीवर होता आणि टीव्हीच्या पडद्यावर मालिकेऐवजी एक प्रश्न येऊन बसला होता. 'तुमचं मनोरंजन धोक्यात आहे. तुमच्या आवडत्या मालिका वाचवायला तुम्ही आमच्यासोबत आहात ना?' खाली दोन चौकोन होते. एकात 'होय', दुसऱ्यात 'नंतर विचारा'. 'नाही' कुठेच नव्हतं. बाईंनी चष्मा पुसून पडद्याचे चारही कोपरे तपासले. खरंच नव्हतं.

यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. लेथ मशीनपुढे सारा जन्म उभं राहून काढलेल्या माणसाला बसून राहणं ही शिक्षाच. त्यातून सुटका म्हणून ते दीपगृहावर राहणाऱ्या तीन भावांची मालिका बघत. पण कंपनीने हळूहळू तिची पार रया घालवली होती. आधी सुरुवातीला एक जाहिरात आली. मग मध्ये दोन आल्या. मग धाकटा भाऊ वादळात दोराला लोंबकळत असताना टूथपेस्ट आली. पैसे भरून वर जाहिराती कशाला बघायच्या, म्हणून बाईंनी दोनदा ही सेवा बंद करायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा फोनवरच्या यंत्राने त्यांना भरपूर संगीत ऐकवलं आणि शेवटी 'आपलं म्हणणं आम्हाला कळलं नाही' असं सांगून फोन ठेवून दिला होता.

"दाब काहीतरी," यजमान म्हणाले. "बोट बुडतेय तिकडे."

'नंतर विचारा' दाबलं असतं तर त्याने पाच मिनिटांनी परत विचारलं असतं. बाईंनी 'होय' दाबलं. बोट सुखरूप बुडाली आणि त्या प्रश्नाचा दोघांनाही विसर पडला.

नवव्या दिवशी समोरच्या दारातल्या काकू तोंड एवढंसं करून आल्या आणि बाईंना बसथांब्यापर्यंत घेऊन गेल्या. थांब्याच्या मागे भला थोरला फलक होता आणि फलकावर खुद्द बाई होत्या. खातं उघडताना टीव्हीवाल्या मुलाने घाईघाईत काढलेला फोटो होता तो. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक, तोंड अर्धवट उघडं. शेजारी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आम्हाला निवड हवी, बंधनं नकोत. - एक समाधानी गृहिणी.'

काकूंनी मग सगळा उलगडा केला. सरकारी समिती एक नियम आणू बघत होती. जी सेवा एका बटणाने सुरू होते, ती एका बटणाने बंदही झाली पाहिजे, आणि पैसे भरणाऱ्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत. एवढं ऐकून कंपन्या कामाला लागल्या होत्या. समितीतल्या सदस्यांना जेवणावळी झाल्या, वर्तमानपत्रांची पानंच्या पानं विकत घेतली गेली, आणि आता जनता आमच्याच बाजूने आहे हे दाखवायला चार लाख 'होय' गोळा करण्यात आले होते. त्यातला एक बाईंचा.

"नियमाच्या बाजूने मी आख्ख्या बिल्डिंगच्या सह्या घेतल्या," काकू म्हणाल्या. "तुमचीपण घेतली. आणि तुम्ही तिकडे फोटो देऊन आलात."

बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं, पण फलकापुढे उभं राहून फलकावरच्या बाईने काही सांगायचं म्हणजे अवघडच. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये त्या शिरल्या की गप्पा थांबू लागल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, वीस वर्षांत पहिल्यांदाच, पिशवी हातात न देता काउंटरवर ठेवली.

बाईंना मात्र सगळ्यात जास्त झोंबलं होतं ते वेगळंच. घर त्यांनी सांभाळलं होतं आणि चोख सांभाळलं होतं, तेव्हा त्या शब्दात कमीपणा असा काही नव्हता. पण एकतीस वर्षं त्या विधिमंडळाच्या सभागृहात लघुलेखिका होत्या. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. एकाच वेळी तीन सदस्य एकमेकांवर ओरडायचे आणि बाईंच्या वहीत तिघेही वेगवेगळे उमटायचे, कोण खोकला त्याच्यासकट. पुढे ध्वनिमुद्रणाची यंत्रं आली, लघुलेखकांच्या जागा रद्द झाल्या आणि बाईंना एक फुलदाणी देऊन निरोप दिला गेला. त्याचंही त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण या गुळगुळीत कंपनीने ती एकतीस वर्षं एका शब्दात गाळून टाकली, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्यांनी कंपनीला फोन लावला. या खेपेला यंत्राऐवजी चक्क माणूस बोलला. फलकावरच्या बाई म्हटल्यावर तर त्या मुलीचा आवाज मधासारखा झाला. बाई म्हणाल्या, माझं म्हणणं ऐकून घेणारं तुमच्याकडे कुणी आहे का? मुलगी म्हणाली, आहे ना, येत्या गुरुवारी समितीची सुनावणी आहे, तिथेच येऊन बोलाल का, गाडी पाठवते. बाईंनी क्षणभर विचार केला आणि 'होय' म्हटलं. हे मात्र त्यांनी समजूनउमजून म्हटलं.

गुरुवारी गाडीत कंपनीचा प्रवक्ता होता. तिशीतला, घडीव दाढीचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. तो बाईंना सारखा 'आई' म्हणत होता. त्याने त्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं : 'मी एक साधी गृहिणी. या मालिकांनी माझ्या एकाकी संध्याकाळी उजळून टाकल्या. सरकारने कृपया माझ्या दिवाणखान्यात येऊ नये.'

बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या एकाकी संध्याकाळी तेव्हा घरी उशीवर पाय ठेवून बसल्या होत्या आणि गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस म्हणून फोन करत होत्या.

"पहिल्या वाक्यात क्रियापद नाही," बाई म्हणाल्या.

प्रवक्ता खूप हसला. आईंचा विनोद त्याला फार आवडला.

सभागृह तेच होतं. मधोमध जिथे लघुलेखकांचं टेबल असायचं, तिथे आता तीन पायांवर एक कॅमेरा उभा होता. बाईंना प्रवक्त्याच्या बरोबर मागची खुर्ची मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली. का काढली हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या खोलीत हात रिकामा ठेवायची त्यांना सवयच नव्हती. समोरचा माणूस बोलायला लागला आणि भाषणाच्या त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर बाईंचा हात आपसूक पळू लागला.

प्रवक्ता बोलला मात्र झकास. सदस्य माना डोलवत होते, दोघांनी तर टेबल वाजवलं. अध्यक्ष तेवढे हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. पिकल्या केसांचे गृहस्थ, बोलणं सावकाश. त्यांनी विचारलं, बंद करणं सोपं आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे किती सोपं? यशाची धुंदी चढली की माणसाची जीभ त्याच्या पुढे दोन पावलं चालते. प्रवक्ता म्हणाला, एक बटण आणि फार तर दोन मिनिटं, इतकं सोपं नसेल तर नियम खुशाल आणा, आमचा काडीचाही विरोध राहणार नाही. मग तो मागे वळला, बाईंच्या शेजारी बसलेल्या आपल्या सहकाऱ्याच्या कानाशी लागला, आणि चहाची सुट्टी झाली.

सुट्टीत त्याला वरिष्ठांचा फोन आला असावा. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची तकाकी उतरली होती. उभा राहून तो म्हणाला की थोडा गैरसमज होतोय. बंद करणं सोपं करण्याचा आमचा प्रयत्न राहील, एवढंच मी बोललो. नियमाला विरोध नाही असं मी म्हणालोच नाही.

अध्यक्षांनी चित्रीकरण लावायला सांगितलं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रवक्ता दिसला, त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या नाकावर एक पांढरं वर्तुळ गरगर फिरू लागलं. फिरतच राहिलं. तंत्रज्ञ घाम पुसत म्हणाला की पुढची अकरा मिनिटं आलेलीच नाहीत. चित्रीकरण कुणाकडे होतं, याची चौकशी झाली. ते याच कंपनीने समाजसेवा म्हणून फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. सभागृहात हशा पिकला, पण प्रवक्त्याचा जीव भांड्यात पडला. नोंद नाही म्हणजे विधान नाही.

बाई उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत त्या सभागृहात त्या बोलण्यासाठी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"माझ्याकडे नोंद आहे," त्या म्हणाल्या. "वाचू का?"

प्रवक्ता घाईघाईने म्हणाला की या आमच्याच साक्षीदार आहेत, त्यांना थोडं गोंधळल्यासारखं झालंय. अध्यक्षांनी चष्मा वर केला, बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"माझं या सभागृहातलं पहिलं भाषण यांनी उतरवून घेतलं होतं," ते म्हणाले. "त्यात मी सहा ठिकाणी अडखळलो होतो. सहाही ठिकाणं छापून आली. बाई, वाचा. सगळं वाचा."

बाई वाचू लागल्या. एका सुरात, ना चढ ना उतार, जसं शिकवलं होतं तसं. एक बटण. फार तर दोन मिनिटं. पाणी पितात. इतकं सोपं नसेल तर नियम खुशाल आणा. दोन सदस्य टेबल वाजवतात. आमचा काडीचाही विरोध राहणार नाही. इथवर आल्यावर प्रवक्ता खुर्चीत खचला. पण बाईंची नोंद अजून संपली नव्हती आणि मध्येच थांबायची त्यांना सवय नव्हती. त्याच सुरात त्यांनी पुढची ओळ वाचली : "मागे वळून सहकाऱ्यास, हळू आवाजात, 'सदस्य खिशात आहेत. आता म्हातारीला उभी कर, तिला काय कळतंय, वाचेल तेवढं वाचेल.' चहासाठी सुट्टी."

टेबल वाजवणाऱ्या दोघांनी हात टेबलाखाली घेतले.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले की वाद मिटवायचा उपाय सोपा आहे. इथे कंपनीच्या एक ग्राहक हजर आहेत आणि तिथे मोठा पडदा आहे. प्रवक्त्यांनी बाईंचं खातं आमच्यासमोर बंद करून दाखवावं. वेळ बाई लावतील.

प्रवक्त्याने लॅपटॉप उघडला. पहिलं बटण चौथ्या पानाच्या तळाशी सापडलं. ते दाबल्यावर 'खरंच जाताय?' असं पान आलं. मग कारण विचारणारं पान. मग एक महिना फुकट देणारं पान, ज्यात नको म्हणायचं अक्षर पांढऱ्यावर पांढरं होतं आणि ते एका सदस्याने भिंगातून शोधून दिलं. मग पासवर्ड मागितला गेला. मग फोन करायला सांगितलं गेलं. प्रवक्त्याने भर सभेत स्वतःच्याच कंपनीला फोन लावला. संगीत सुरू झालं. अध्यक्षांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने ठेवायला लावलं. बऱ्याच वेळाने यंत्र म्हणालं, 'आपलं म्हणणं आम्हाला कळलं नाही.'

"एक्केचाळीस मिनिटं," बाईंनी सांगितलं आणि लिहिलं.

प्रवक्त्याने थेट वरिष्ठांना फोन करून विनवलं, तेव्हा कुठे सत्तेचाळिसाव्या मिनिटाला खातं एकदाचं बंद झालं. नियमाची शिफारस त्याच दिवशी एकमताने झाली. ज्यांच्या पोटात जेवणावळी होत्या त्यांनीही हात वर केले, कारण हात वर न करणाऱ्यांची नावं बाई लिहून घेत होत्या.

अध्यक्षांनी बाईंना त्या अकरा मिनिटांची नोंद रीतसर टंकलिखित करून द्यायची विनंती केली. पंधरा दिवसांनी सुनावणीचा अहवाल छापून आला आणि एक प्रत घरी पोचली. शेवटच्या पानावर, जिथे इतकी वर्षं फक्त छापखान्याचं नाव असायचं, तिथे 'शब्दशः नोंद' असं लिहून पुढे बाईंचं नाव होतं, आणि त्याखाली 'लघुलेखिका'. यजमानांनी ते पान खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. मग गुडघ्याचं दुखणं विसरून शेजारच्या चार दारांवर थापा मारून आले.

आता घरात मालिका नव्हती, त्यामुळे संध्याकाळी अहवालाचं वाचन होऊ लागलं. पहिल्या दिवशी एकट्या काकू आल्या. चौथ्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. दुकानदार स्वतःचं स्टूल घेऊन आला आणि पिशवी बाईंच्या हातात दिली. यजमान उभे राहून वाचत. प्रवक्त्याचा गुळगुळीत आवाज त्यांना छान जमला होता आणि अध्यक्षांसाठी ते हनुवटीवर हात ठेवत. बायकोच्या कर्तृत्वाने त्यांची छाती अशी फुगली होती की शर्टाच्या वरच्या गुंडीची काळजी वाटावी.

एकाच ठिकाणी त्यांची गाडी अडायची. 'मागे वळून सहकाऱ्यास' इथवर ते जोरात येत. मग खाकरत, पान उलटल्यासारखं करत आणि एकदम चहाच्या सुट्टीवर उडी मारत.

आतून बाईंचा आवाज येई, एका सुरात, ना चढ ना उतार.

"अहो, एक ओळ राहिली. म्हातारीची. गाळायचं नाही."