टिडवेल यांच्या पडवीत टीव्हीची प्रतिष्ठापना

माणूस घराबाहेर का पडतो, या प्रश्नाचा निकाल टेक्सासमधल्या हार्लो स्प्रिंग्ज या गावाने कायमचा लावून टाकला आहे. माणूस घराबाहेर पडतो तो बाहेर बसून टीव्ही पाहण्यासाठी. हवा, चांदणं, शेजारपाजार वगैरे जी कारणं याआधी दिली जात, ती पुरेशा माहितीअभावी दिली जात होती.

गावाच्या उत्तरेला पीकन मेडोज नावाची वसाहत आहे. (इथे पीकनचं एकही झाड नाही. वसाहतीला त्यांचं नाव द्यायचं ठरल्यावर ती तोडावी लागली.) या वसाहतीतल्या दर चारांपैकी तीन घरांच्या मागच्या पडवीत टीव्ही आहे. उरलेल्या घरांशी वसाहत माणुसकीने वागते. भेटले की ‘बरे आहात ना?’ असं हळू आवाजात विचारते. रॉइस टिडवेल गेल्या उन्हाळ्यापर्यंत या उरलेल्या घरांतला होता. चांगला धडधाकट माणूस, पण त्या हळू आवाजाने तो पार खचला होता.

रॉइसच्या पडवीवर भक्कम छप्पर होतं. तिथे बसलं की हिरवळ दिसे, पाण्याची टाकी दिसे आणि टाकीमागे शाळेच्या मैदानाचे उंच दिवे दिसत. शुक्रवारी संध्याकाळी ते दिवे लागले की शाळेच्या संघाचा फुटबॉलचा सामना असतो. त्या वेळेत गावात कुणी लग्न, मयत किंवा दरोडा ठेवत नाही. पूर्वी लोक सामना पाहायला मैदानावर जात. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. पत्र्याची बाकडी तापतात, मुतारीला रांग लागते आणि शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. आता शाळाच इंटरनेटवरून सामना दाखवते. त्यामुळे सामन्याला जाण्याची गरज फक्त खेळाडूंना उरली आहे.

रॉइसने टीव्ही आणला तो खास बाहेरचा, म्हणजे पाऊस, धूळ आणि विंचू यांना दाद न देणारा. तो भिंतीवर लावायचा तर खुर्च्यांची पाठ हिरवळीकडे करावी लागली. ती केली. टीव्हीवर उजेड पडू लागला म्हणून दोन बाजूंना कापडी पडदे सोडले. डास आले म्हणून जाळी बसवली. जाळीने वारा अडला म्हणून पंखे लावले. अशा रीतीने, उघड्यावर बसण्याच्या मार्गातले उघडेपणाचे सगळे अडथळे एकेक करून दूर झाले.

“रॉइस, हे घरात पाहिलं असतं तर?” त्याच्या बायकोने, डार्लाने, विचारलं.

“घरात कुणीही पाहतं.”

“आणि मैदान? चालत पाच मिनिटांवर आहे.”

“तीच तर खरी मजा! इतकं जवळ असून जायला लागत नाही. लांब राहणाऱ्यांना हे सुख कुठलं?”

डार्ला आत निघून गेली. या माणसाशी लग्न करताना आपल्याला पुरेसं शिक्षण होतं, हे तिला अधूनमधून आठवत असे.

उद्घाटनाचा शुक्रवार ठरला आणि एक तांत्रिक अडचण निघाली. रॉइसची मुलगी डेलेनी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असे. त्याच सामन्याच्या मध्यंतरात तिला पहिल्यांदा एकटीने वाजवायचं होतं. बाकीचा बँड स्तब्ध उभा राहणार आणि मैदानाच्या मधोमध ती एकटी. उन्हाळाभर गॅरेजमध्ये सराव करून तिने ओठ सोलून घेतले होते.

“डॅडी, तू येणार ना?”

“अगं, माझ्याकडे अख्खी गल्ली जेवायला येतेय. यजमानच उठून गेला तर कसं दिसेल?”

“फक्त मध्यंतरापुरता ये. धावत ये, धावत जा.”

“हे बघ पोरी, तिथून तू मला दिसशील मुंगीएवढी. इथे दोन हात रुंद दिसशील. मग कुठून पाहिलं तर नीट पाहिलं म्हणायचं?”

या युक्तिवादाला डेलेनीकडे उत्तर नव्हतं. ज्या युक्तिवादांना उत्तर नसतं ते बरोबर असतात, असं रॉइसचं मत होतं. ती बँडची टोपी उचलून निघून गेली. तिच्यामागे जावं असं रॉइसला क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात मांसाला धुरी द्यायची वेळ झाली.

शुक्रवारी सगळी गल्ली आली. वसाहतीच्या गृहस्वामी संघाचे अध्यक्ष गार्लंड प्रूएट यांनी टीव्ही जमिनीपासून नियमाइतक्या उंचीवर असल्याची खात्री करून घेतली आणि पहिला घास घेतला. सामना सुरू झाला. थोड्या वेळाने टाकीच्या पलीकडून लोकांची जोरदार आरोळी आली. पडद्यावर मात्र अजून खेळाडू ओणवे होऊन उभे होते. मग चेंडू निघाला, पोरगं तो घेऊन शेवटच्या रेषेपार पळालं, टचडाउन झाला. कुणीच ओरडलं नाही. सगळ्यांना आधीच कळलं होतं.

प्रकार असा होता की इंटरनेटवरचा सामना खऱ्या सामन्याच्या बराच मागून येत होता. मैदानावर घडून गेलेली गोष्ट पडवीत घडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागे.

“हा शुद्ध आगाऊपणा आहे!” गार्लंड काटा आपटून म्हणाले. “आपण इथे थेट सामना पाहतोय आणि ते तिकडे आधीच खेळून मोकळे!”

“त्यांना जरा हळू ओरडायला सांगता येणार नाही?” कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या.

तिथल्या तिथे तोंडी ठराव झाला. प्रत्यक्ष सामन्याच्या आवाजाने सामन्याचा आनंद नष्ट होतो. सबब शाळेने योग्य ती दक्षता घ्यावी. (ठराव एकमताने मंजूर. डार्ला लिंबू सरबत आणायला आत गेली होती. ती बराच वेळ आतच राहिली.) तोवर तात्पुरता उपाय म्हणून रॉइसने हिवाळ्यासाठी आणलेले जाड प्लॅस्टिकचे पडदे तिन्ही उघड्या बाजूंनी सोडले आणि त्यांच्या चेन ओढल्या. एकच फट हवेसाठी ठेवली. पडवी आता इतकी सुंदर झाली होती की ती बाहेर आहे हे सांगावं लागलं असतं.

मध्यंतर झालं. पडद्यावर टायरच्या दुकानाची जाहिरात लागली.

आणि त्या फटीतून एक सूर आत आला. एकटा, बारीक, सुरुवातीला थोडा कापरा, मग सरळ. रॉइसने तो ओळखला. उन्हाळाभर गॅरेजच्या भिंतीतून त्याने तोच ऐकला होता.  तो उठला, फटीपाशी गेला. पुढच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात हेच सगळं पडद्यावर दिसणार होतं, पोरगी दोन हात रुंद. आणि आताच ऐकून टाकलं तर तेव्हा काय उरणार? टचडाउनसारखंच व्हायचं.

रॉइसने चेन वरपर्यंत ओढून फट बंद केली.

मग तो खुर्चीत बसला, पुढे झुकून, गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून. टायरचं दुकान संपलं. गुरांच्या खाद्याची जाहिरात आली. मग दातांच्या डॉक्टरांची. मग पुन्हा टायर.

“गप्प बसा सगळे,” तो दर जाहिरातीनंतर म्हणत होता, “आता दाखवतील.”

त्यानंतर उत्तरार्ध सुरू झाला. मध्यंतर दाखवायचं नसतंच. जाहिराती मग कुठे लावणार?

डेलेनी घरी आली तेव्हा पाहुणे गेले होते. टोपीच्या पट्ट्याने तिच्या हनुवटीवर वळ उठला होता.

“डॅडी, ऐकलंस?”

“दाखवलंच नाही गं त्यांनी. मी अगदी डोळे लावून बसलो होतो.”

“दाखवलं का, असं नाही विचारलं. ऐकलंस का?” ती म्हणाली. “आपल्या बाजूची बाकडी जवळजवळ रिकामी होती. सगळे पडव्यांतच. मग मी बँडच्या सरांना विचारून आपल्या घराकडे तोंड केलं. म्हटलं, वाऱ्याने जाईल तिथपर्यंत. गेलं का?”

रॉइसला खोटं बोलता आलं असतं. त्याने पडद्याच्या चेनकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की मान वर करवेना. डेलेनीने त्याच्या नजरेमागून पाहिलं, तिला समजलं आणि ती झोपायला गेली.

गृहस्वामी संघाने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. पुढच्या शुक्रवारपासून मध्यंतरात बँड दाखवावा अशी विनंती शाळेला करण्यात आली असून, तोवर रॉइसने दुसरा टीव्ही लावावा, असं सुचवण्यात आलं आहे.

तेव्हा वाचकहो, हार्लो स्प्रिंग्जच्या लोकांना खुशाल हसा. ते हसण्याच्याच लायकीचे आहेत. फक्त एवढं सांगा: तुम्ही हे वाचत असताना मघाशी घरातल्या कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात. काय विचारलं होतं?