चौकडीचे अकरा गुण

पार्सल कचेरीच्या आवारातलं बास्केटबॉलचं मैदान राहणार की तिथे पत्र्याची शेड उभी राहणार, हे रविवारच्या अंतिम सामन्यावर ठरणार होतं. "करंडक आणा, मैदान ठेवा. नाही आणलात, तर सोमवारपासून तिथे पार्सलं," साहेबांनी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून मस्टरकाकांचं जेवणात लक्ष नव्हतं.

मस्टरकाका हे कचेरीचे हजेरी कारकून. सत्तावीस वर्षांत त्यांच्या मस्टरमध्ये एक खाडाखोड सापडायची नाही. संध्याकाळी मैदानाच्या कडेला टेबल टाकून सामन्यांची गुणवहीही तेच लिहीत, आणि त्या वहीत त्यांचं दैवत राहत होतं. दैवताला सगळे शिडी म्हणत. नावाप्रमाणे उंच, बोलायला मात्र महाकंजूस. चेंडू हातात आला की तो बास्केटकडे धड बघायचासुद्धा नाही. मनगट हलायचं, जाळी हलायची, आणि काकांच्या अंगावर काटा यायचा.

सामन्याच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी काकांनी वही घेऊन बेरीज मांडली. पाच सामने, एकशे त्रेसष्ट गुण. शिडीचे एकशे बावन्न. उरलेल्या चौघांचे मिळून अकरा!

"बघितलंस?" त्यांनी काकूंपुढे वही धरली. "पोरगा एकटा गाडा ओढतोय. ही चौकडी नुसती वर बसलीय."

"ते चौघं करतात काय मग?"

"ओरडतात! सामनाभर 'चार, नऊ, सात' असा बाजार. कोणाला काय सांगतात देव जाणे."

"कशाला तरी ओरडत असतील," काकू म्हणाल्या, "चष्मा कपाळावर आहे तुमच्या. उशीखाली शोधू नका."

काकांनी शिडीलाच विचारलं. "खरं सांग, तुला साथ मिळते का?"

शिडीने बराच विचार केला. "ते आहेत ना," तो म्हणाला.

काय हे मन! काकांचे डोळे भरून आले. त्याच पावली जाऊन त्यांनी साहेबांकडे लेखी टिपण दिलं: खेळाडू असामान्य, साथ शून्य, चौघांचे गुण अकरा, आरडाओरडा अखंड. साहेबांना आकडे आवडत. त्यांनी वरच्या मजल्यावरून चार धिप्पाड कारकून निवडले आणि चौकडीची रविवारी पार्सलं लावायच्या कामावर नेमणूक केली. संघाच्या यादीतून जुनी नावं कापायची वेळ आली तेव्हा मात्र काकांचा हात अडला. खाडाखोड त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी नवी चार नावं खाली लिहिली आणि जुनी राखीव म्हणून तशीच ठेवली.

रविवारी आवार फुलून गेलं होतं. साहेब पहिल्या रांगेत. सामना सुरू झाला, आणि पहिल्याच मिनिटाला एका धिप्पाडाने शिडीला नेमका पास दिला. समोर कोणी नाही. काकांनी दोन गुण लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

शिडीने चेंडू हातात धरला. उलटा केला. मग सुलटा केला. मग अंगठ्याने त्याच्यावर काहीतरी शोधू लागला. तेवढ्यात समोरच्या संघातल्या एकाने शांतपणे येऊन चेंडू काढून नेला.

"दडपण असेल," साहेब म्हणाले.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी शिडीने चेंडू कानाजवळ नेला. प्रेक्षक हसू लागले. धिप्पाड बिचारे मुकाट्याने, अगदी शिस्तीत, एकापेक्षा एक सुंदर पास देत होते, आणि शिडी प्रत्येक चेंडूवर पत्ता शोधत होता.

पत्ता! काकांच्या हातून पेन गळालं.

पार्सलं लावायच्या खोलीत ते रोज सकाळी हजेरी घ्यायला जात. कमीजास्त अंतरावर बारा पोती टांगलेली, जवळच्याला एक नंबर, सगळ्यांत लांबच्याला बारा. मधोमध शिडी उभा. चौकडी पार्सल उचलणार, पत्ता वाचणार, त्याच्या हातात देता देता पोत्याचा नंबर ओरडणार, आणि शिडी न बघता भिरकावणार. सहा वर्षांत एक पार्सल चुकीच्या पोत्यात गेलेलं नव्हतं. म्हणजे मैदानावर चौघं बाजार भरवत नव्हते. बास्केट कितव्या पोत्याइतकी लांब आहे, ते सांगत होते! आणि तेही चौघांनी चार बाजूंनी माणसं अडवून, धक्के खाऊन. त्या धक्क्यांना वहीत रकानाच नव्हता.

अर्धा वेळ संपला तेव्हा सहा विरुद्ध चोवीस झाले होते. काका उठले आणि आवार ओलांडून धावत सुटले. सत्तावीस वर्षांत त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. शिपाई आग लागली असं समजून बादली शोधायला गेला.

खोलीत चौकडी शांतपणे पोती शिवत होती. "या काका," त्यातला सगळ्यांत बुटका म्हणाला. "आमचे अकरा गुण परत घ्यायला आलात का?"

"चुकलो रे बाबांनो. चला लवकर!"

"कामावर आहोत आम्ही. जागा सोडली तर तुम्हीच लाल शाईने गैरहजेरी लावाल."

"लावीन!" काका म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. मग धापा टाकत हळूच म्हणाले, "तो चेंडू फिरवून फिरवून पत्ता शोधतोय रे. लोक हसतायत त्याला."

बुटक्याच्या हातातला दाभण खाली पडला. "हसतायत?" एवढंच तो बोलला. काका दारातून वळेपर्यंत चौघं आवाराच्या मध्यावर पोचले होते.

पंचांनी यादी मागितली. राखीव नावं जागच्या जागी होती, एकही काट नव्हती. चौकडी आत उतरली. बुटक्याने चेंडू पळवला, दोन दांडगटांच्या काखेखालून निघाला आणि शिडीच्या पोटाशी नेऊन ओरडला, "सात!"

मनगट हललं. जाळी हलली.

"नऊ!" हलली. "चार!" हलली. "अकरा!" मैदानाच्या पार त्या टोकाकडून चेंडू निघाला, तेव्हा साहेब खुर्चीवर उभे होते. शेवटच्या क्षणी बुटका एका आडदांडाखाली चिरडला गेला, तरी खालून आवाज आलाच, "सहा!" एक्केचाळीस विरुद्ध चाळीस. मैदान वाचलं.

साहेबांनी करंडक शिडीच्या हातात दिला आणि माइक धरला. "हा माणूस बघा! साथ नाही, सोबत नाही, तरी एकट्याने सामना फिरवला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात चौकडी वाजवत होती. बुटका तर एका हाताने मांडीवर, कारण दुसरा सुजला होता.

शिडी करंडक हातात धरून उभा होता. त्याने तो उलटा केला, सुलटा केला आणि गर्दीत इकडेतिकडे पाहू लागला.

"इकडे, इकडे!" मागून बुटका ओरडला. "पाच!"

पुढे बसलेल्यांनी पटकन डोकी खाली घातली म्हणून बरं. करंडक त्यांच्यावरून भिरभिरत गेला आणि अलगद चौकडीच्या ओंजळीत पडला.

सोमवारी सकाळी मस्टरकाकांनी लाल शाईची दौत उघडली. रविवार, संध्याकाळी पावणेपाच ते साडेपाच, चौघं जागेवर नव्हते, हे खरंच होतं. त्यांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. मग दौत बंद केली, निळं पेन घेतलं आणि चौघांच्या नावांपुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलं: कामावर हजर.

एकही खाडाखोड झाली नाही.